आण्णांच्या तोंडाचं माप

आमच्या वाडीत घड्याळ एकच होतं, शाळामास्तरांचं, आणि ते सुद्धा माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, आरोळीवर लावलेलं असतं असं लोक थट्टेनं म्हणत. सकाळी गुरं सोडताना आण्णा गोठ्याच्या दारात उभे राहून जी हाक मारायचे ती पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत ऐकू जायची, आणि तिथल्या बायका त्या हाकेवर पेजेचं भांडं चुलीवरून उतरवायच्या. आमच्याकडे माणसांचे आवाज मुळातच मोठे. एक घर या उतारावर, दुसरं त्या उतारावर, मध्ये पऱ्या, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ. चिमूटभर मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. पण आण्णांचा आवाज नुसता मोठा नव्हता, तो लांब जाऊनही फाटत नसे. लहानपणी मला वाटायचं की हा आवाज त्यांचा स्वतःचा नाहीच, कुणीतरी त्यांच्या तोंडात सांभाळायला ठेवलेला आहे. त्यात फार काही चूक नव्हती. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता, आणि घरात तो आण्णांकडे.

ज्यांच्या गावात ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्यात पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी चौथऱ्यावर, बसली की एक माणूस हातात नारळ घेऊन पुढे होतो आणि सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलतो. पोथी नसते, कागद नसतो. आधी शिवेवरच्या देवांची नावं, मग पाऊस आणि भात, मग गुरंढोरं, मग आजारी माणसं, मग मुंबईला गेलेले चाकरमानी, मग पोरंबाळं, अशी चढत जाणारी मागणी असते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज उंच नेऊन 'म्हाराजाऽऽ' म्हणायचं आणि सगळ्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. तो होकार देवाचाच असतो असं मी चौथीपर्यंत धरून चालले होते. आण्णांना सही येत नव्हती, अंगठा करायचे, पण त्या लांबलचक गाऱ्हाण्यात त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला कुणाला आठवत नव्हता.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे वाक्य मी आजही मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांना ते पोकळ वाटेल, वाटू दे. पालीच्या शाळेत चालत जाऊन मी मॅट्रिक झाले, रत्नागिरीला राहून बारावी केली, आणि मुंबईच्या दातांच्या कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा गावात अर्ध्या लोकांना दातांचंही कॉलेज असतं हे माहीत नव्हतं. आमचे धाकटे चुलते, सकूकाका, खळ्यात येऊन म्हणाले होते, "आण्णा, दात ते किती आनि त्यांना पाच वरसा?" त्या वर्षीच्या शिमग्याला मी आयच्या शेजारी बायकांच्या बाजूला उभी होते. पोरंबाळांच्या मागणीपाशी आण्णा आले, थांबले, आणि कधी नव्हे तो त्यांनी एक नवा शब्दगुच्छ गाऱ्हाण्यात घातला. "आनि आमची येक पोर मुंबयला दाताची डाकतरीन व्हयाला ग्येली हाय, तिच्या वाटंत काय काटाकुटा आसंल त्यो बाजूला कर रं म्हाराजाऽऽ!" आणि गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!" 'पोरीला कशाला शिकवता' म्हणणारे तेही त्यात म्हणाले. आयनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. पुढं दर वर्षी ते वाक्य येत राहिलं. मला सुट्टी मिळो न मिळो, मी तिथं असो नसो.

मुंबईत मी दात शिकले आणि हळू बोलायलाही शिकले. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीनं मला विचारलं, "तू माझ्याशी भांडतेयस का?" मी तिच्याकडे फक्त साबण मागितला होता. त्या दिवसापासून मी आवाज खाली आणायला लागले, जसं कुणी नवीन चप्पल घालून चालायला शिकतं तसं. वर्षभरात जमलं. पुढं इतकं जमलं की सुट्टीत घरी आले की आय कानामागे हात धरून म्हणायची, "काय बोल्लीस? तोंडात पान हाय काय?"

मी दात शिकत होते आणि तिकडे आण्णांचे दात जात होते. हिरड्या सुजायच्या, पू यायचा, दात हलायचा आणि एक दिवस भाकरीबरोबर बाहेर यायचा. आण्णा तो छपरावर भिरकावून द्यायचे. दर सुट्टीत त्यांच्या हसण्यातली खिंड रुंदावलेली असायची. मी पुस्तकातलं सांगायची, मिठाच्या पाण्यानं चूळ भरा, मिश्री लावू नका, आणि ते मान डोलवून मिश्रीची डबी धोतराच्या घडीत सरकवायचे. त्या वर्षांतला घरातला आवाज म्हणजे आयच्या खलबत्त्याचा. भाजलेली सुकट ती कुटून पूड करायची, सुका बांगडा कुटायची, नाचणीची भाकरी कुस्करून कुळथाच्या पिठीत भिजत घालायची आणि मग हाक मारायची, "या, झाला तुमचा काला." तो खलबत्त्याचा ठोका मी अजून ओळखेन. आण्णा मुकाट गिळायचे. कधीतरी ताटात भाजलेला बांगडा आमच्यासाठी अख्खा असायचा, त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काटं मोजून खा गो."

मी पदवी घेऊन आले आणि रत्नागिरीत एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली लागले तेव्हा आण्णांच्या खालच्या हिरडीत दोनच दात उरले होते. ते मीच काढले. त्याच्या आदल्या शिमग्याला मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दातांशिवाय शब्दांना कड राहत नाही. आण्णांचं गाऱ्हाणं भिजलेल्या भाकरीसारखं झालं होतं. वाक्य कुठं संपलं ते लोकांना कळेना, 'व्हय' कधी आधी यायचं, कधी दोन घरांचंच यायचं. सहाणेवरून उठल्यावर गावातले सगळ्यात म्हातारे तानूआजा म्हणाले, "गणपत, देवाला कळला आसंल बाबा. आमाला काय कळला नाय." लोक हसले. आण्णाही हसले. मग मानकरी बसले आणि ठरलं की पुढल्या शिमग्यालाही असंच झालं तर गाऱ्हाणं सखारामानं, म्हणजे आमच्या सकूकाकांनी, घालावं. सकूकाकांना नको होतं. ते खरोखर म्हणाले, "माज्यानं नाय व्हनार, आण्णा हाय तोपर्यंत." पण गावाचं गाऱ्हाणं अर्धवट राहणं हे गावाला परवडत नाही, हे आण्णांनाही मान्य होतं.

भातकापणी उरकल्यावर आण्णा एस.टी.नं रत्नागिरीला आले. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. त्यांनी खालूनच, पऱ्यापलीकडे मारावी तशी, हाक मारली, "शेवंतेऽऽ, कुठं हायस गो?" बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक वकिलीणबाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी धावत जिना उतरले आणि अर्ध्या जिन्यात त्यांना गाठून म्हणाले, "आण्णा, हळू बोला. इथं पेशंट असतात." आण्णांनी शाळकरी पोरासारखा तोंडावर हात ठेवला. वर आल्यावर त्यांनी दाराबाहेर वहाणा काढल्या, जे त्या दवाखान्यात कुणीच करत नसे, आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "कवळी करशील काय गो माजी? शिमग्याच्या आदी?" आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणाले, "अशी करीन की गाव बघत राहील." अभिमानाची वाक्यं माणसानं जरा जपून बोलावीत, पण मी सव्वीस वर्षांची होते.

कवळी म्हणजे दात, असं लोकांना वाटतं. दात हे शेवटचं आणि सोपं काम आहे. ते दुकानात मिळतात. अवघड असतं ते माप. त्या काळी आम्ही पहिलं माप घ्यायचो ते तपकिरी रंगाच्या मेणासारख्या वडीनं. गरम पाण्यात ती मऊ करायची, ट्रेवर थापायची, आणि तोंडात दाबून धरायची. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं पण हात खुर्चीवरून हलला नाही. त्या मापात प्लास्टर ओतून साचा केला आणि त्या साच्यावर फक्त आण्णांच्याच तोंडात बसेल असा ट्रे बनवला. मग खरं काम. हिरवी कांडी असते एक, स्पिरिटच्या दिव्यावर धरली की कड मऊ होते. ती ट्रेच्या काठाला थोडी थोडी लावायची, तोंडात घालायची आणि माणसाला गाल ओढायला, ओठ पुढे काढायला, जीभ फिरवायला, गिळायला, बोलायला सांगायचं, म्हणजे त्याच्या तोंडाचे स्नायू आपापली हद्द त्या काठावर स्वतः आखून देतात. एक वीत काठ, पण तासभर लागतो. सगळ्यात शेवटी दोन नळ्यांतली पेस्ट कालवून पातळ लेप द्यायचा. तिला लवंगेच्या तेलाचा वास असतो. आण्णा ट्रे काढल्यावर म्हणाले होते, "मटनाचा मसाला हाय काय हा?" अर्थात कुजबुजतच.

मोठे डॉक्टर त्या दिवशी माझ्यामागे येऊन उभे राहिले. कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "टोपीचं माप घेताना डोकं स्थिर असलेलं चालतं. तोंडाचं तसं नाही. तोंड ज्या कामाचं असेल त्या कामातच मोजायचं. काय करतात हे?" मी सांगितलं, शेती, आणि गावाचं गाऱ्हाणं घालतात. "मग तेच म्हणून घे यांच्याकडून. पूर्ण आवाजात," एवढं बोलून ते दुसऱ्या खुर्चीकडे गेले.

मी आण्णांना म्हटलं, दोन वाक्यं म्हणा. त्यांनी ट्रे तोंडात असतानाच मान हलवली. ट्रे काढल्यावर म्हणाले, "नाय गो. त्या देवाच्या दारातच. हितं म्हटला तर चूक व्हईल." ही रीत मला माहीत होती, गाऱ्हाणं सरावासाठी सुद्धा कुणी घरात म्हणत नसे, आण्णा स्वतः त्यांच्या बापाच्या मागं उभे राहून ऐकून शिकले होते. मी ते डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी खांदे उडवले. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला आणि इतरांना हीच हकिगत सांगत आले, की आण्णांनी रीत मोडायला नकार दिला, मग मी काय करणार? हे प्रकरण लिहायला घेतलं ते पुढचं सांगण्यासाठी. त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पडद्यापलीकडे वकिलीणबाई बसल्या होत्या. माझ्या बापानं त्या खुर्चीत आडवं पडून 'बा देवा म्हाराजा' म्हणून आरोळी ठोकावी आणि ती त्यांनी ऐकावी, हे मला नको होतं.

एक गोष्ट उरली होती. वरची कवळी तोंडात टिकते ती आतली हवा कोंडून. टाळूच्या मागे एक रेघ असते, जिथं टणक भाग संपतो आणि हलणारा मऊ भाग सुरू होतो. माणूस 'आ' म्हणतो तेव्हा तो मऊ भाग उचलला जातो आणि रेघ दिसते. तिथं पेन्सिलीनं खूण करायची, कवळीची मागची कड बरोबर त्या खुणेवर यायला हवी. मागे गेली तर मोठ्यानं बोलताना टाळू उचलतो, कड उघडी पडते, हवा शिरते आणि कवळी खाली येते. मी म्हटलं, "आण्णा, आ करा." त्यांनी 'आ' केला. ताप बघताना करतात तेवढा. टाळू जेमतेम हलला. मी म्हटलं, "जरा मोठा." त्यांनी डोळे पडद्याकडे वळवले, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तेवढाच, पेशंटना त्रास होणार नाही असा 'आ' केला. मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. लहान 'आ'ला हलतो तो अगदी मागचा भाग; तो जिथं हलताना दिसला तिथं पेन्सिल टेकवली. काठाचंही तेच. त्यांच्या गालांनी त्या दिवशी इतक्या मर्यादेत हालचाल केली की हिरव्या कांडीचे काठ लांबच राहिले, आणि मला ते सुबक वाटले. माझ्या हाताखालून गेलेलं ते सगळ्यात देखणं माप होतं. मोठ्या डॉक्टरांनीही बघून 'छान' म्हटलं, कारण मापावर काही लिहिलेलं नसतं की ते घेताना माणूस किती मोठ्यानं बोलला होता.

दात निवडताना आण्णा म्हणाले, "लय पांढरं नको. गावात बैलाचं दात बगायला येतील तशी येतील." मी जरा पिवळसर घेतले. शिमग्याला तीन आठवडे असताना कवळी बसवली. घट्ट बसली. मी आणि डॉक्टर दोघांनीही ओढून बघितली, 'फक्' असा आवाज करून सुटली. आण्णा आरशात बघत राहिले. गावी गेले तेव्हा मी बरोबर होते. आय उंबऱ्यात उभी होती. तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. "गो बाय माजे, नवरा आनलास काय माज्यासाठी?" त्या दुपारी खलबत्ता निघाला नाही. आण्णांनी अख्खा बांगडा खाल्ला, काट्यासकट जपून, मध्ये थांबून जिभेनं दात चाचपत. दोन आठवडे ते सगळ्यांशी बोलत फिरले, हळूहळू, तोलून. पाटावर बसून, खळ्यात बसून. गुरांना हाक मारायचं काम तेवढे दिवस सकूकाका करत होते. आण्णा म्हणाले, नवीन हायत, जरा रुळू दे. मला ते शहाणपणाचं वाटलं.

शिमग्याच्या दिवशी दुपारी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मुंबईहून दोन गाड्या भरून लोक आले होते. मी आयच्या शेजारी उभी होते आणि मला ठाऊक होतं की बायका माझ्याकडे बघतायत. दात कुणी केले हे एव्हाना सगळ्या पंचक्रोशीला कळलं होतं. आण्णांनी नारळ घेतला. "बा गावदेवा..." सुरुवात खालच्या आवाजात असते. प्रत्येक शब्द सुपारीसारखा कातरून येत होता. तानूआजांनी मान डोलवली. मग पहिलं 'म्हाराजाऽऽ' आलं. दोन वर्षांत दाबून ठेवलेला सगळा आवाज त्यांनी त्यात सोडला, आणि मी लांबून 'टक्' ऐकलं. तो आवाज दुसऱ्या कुणाला कळला नसेल. मला कळला. वरची कवळी खालच्या दातांवर येऊन पडली होती. आण्णांनी जिभेनं वर ढकलली आणि शिवेवरच्या देवांची नावं घेतली. दुसऱ्या 'म्हाराजाऽऽ'ला पुन्हा 'टक्', आणि आता पुढच्या रांगेतल्या लोकांनी बघितलं. पावसाची मागणी त्यांनी हात ओठाशी धरून म्हटली. गुरांच्या मागणीला, "गोठ्यातला खूर नि खूर सांभाळ रं..." एवढं झालं आणि पुढचा शब्द उंच न्यायच्या आत कवळी बाहेर आली. त्यांनी ती हवेतच झेलली. एका हातात नारळ, एका हातात दात. तोंड उघडं. वाक्य तिथंच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सवयीनं मागून कुणीतरी दोघं-तिघं म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि गप्प झाले. आण्णा देवाकडे बघत उभे होते. मग त्यांनी नारळ सकूकाकांच्या हातात दिला, दात धोतराच्या कनवटीला लावले आणि एक पाऊल मागं सरले. सकूकाका रडत होते, पण त्यांनी गुरांपासून उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. आजारी आले, चाकरमानी आले, पोरंबाळं आली. माझं वाक्य आलं नाही. ते आण्णांनी स्वतः घातलेलं होतं, सकूकाकांना ते पाठ असायचं कारण नव्हतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आण्णा, चूक माझी आहे. मला कळलंय कुठं ती. मी दुसरी करते." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजी चूक नाय गो बाय. तोंडच माजा जुना." मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "देवासमोर येकदा पडलं. आता नको." मी रडायला लागले तेव्हा आय चुलीपाशी बसून म्हणाली, "त्याला विचारू नको. तुला वायट वाटंल म्हनून त्यो व्हय म्हनंल, आनि त्या त्याला सोसायचा नाय." म्हणून मी विचारलं नाही. हे माझं आणखी एक शहाणपण. मान सकूकाकांकडे गेला. पुढल्या शिमग्याला आण्णा पालखी दारात आली तेव्हा नमस्कार करून आत गेले. गुरांना हाक मारणं त्यांनी सोडलं ते सोडलंच, काठी आपटून गुरं वळवायचे. पलीकडच्या वाडीतल्या बायका पेज कशावर उतरवत होत्या कोण जाणे. खलबत्ता पुन्हा सुरू झाला. मी सुट्टीला गेले की तो ठोका ऐकत जेवायची. आण्णा माझ्याशी बोलायचे, पण कुजबुजल्यासारखे, जिन्यातल्यासारखे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आता मोठ्यानं बोललं तरी चालेल.

आता माझ्या दवाखान्यात भाची बसते. तिच्याकडे पेनासारखं एक यंत्र आहे, ते तोंडात फिरवलं की पडद्यावर हिरड्यांचं चित्र उमटतं. लवंगेचा वास नाही, हिरवी कांडी नाही. कवळीची म्हातारी माणसं मात्र ती अजून माझ्याकडे पाठवते, आणि मी त्यांना ओरडायला लावते. मासळीवालीला 'घ्या पापलेट' म्हणायला लावते, निवृत्त हेडमास्तरांना 'सावधान' म्हणायला लावते. बाहेर बसलेले हसतात, भाची म्हणते, आत्ये, लोक घाबरतात. माझ्या कवळ्या पडत नाहीत अशी ख्याती आहे. त्यानं काही फिटलं असं कुणी मला सांगू नये.

आण्णा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात आयनं मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. "त्याचा हाय. फेकू कसा?" आत फडक्यात ती कवळी होती. मी उजेडात नेली. तिचे काठ घासलेले होते. कोयता पाजळायची कानस असते घरात, तिनं. सुरुवातीचे घाव राकट होते, नंतरचे बारीक. महिनोन् महिने, कदाचित वर्षं, थोडं थोडं करत गेलेलं काम होतं ते. आणि ते बरोबर होतं. ओठाला हिरडीशी बांधणाऱ्या आतल्या दोरीपाशी त्यांनी खाच पाडली होती, गालाकडचे काठ जिथं लांब होते तिथंच उतरवले होते. कुठं चुकलं होतं हे त्या अंगठा करणाऱ्या माणसाला पुस्तकाशिवाय कळलं होतं. मागची कडही त्यांनी खऱ्या रेघेपर्यंत आणली होती, मी जी पेन्सिल मागे टेकवली होती तिच्या पुढं, जिथं ती असायला हवी होती तिथं. फक्त मागं नुसतं घासून चालत नाही, तिथं नवी भर घालून कड टाळूत किंचित रुतवावी लागते. ते दहा मिनिटांचं काम होतं. पण ते कानशीनं होत नाही.

मी आयला विचारलं, हे कधी करायचे? ती म्हणाली, "गवताला म्हनून सड्यावर जायचा ना, तवा कानस कमरंला असायची. येकदा मी मागनं भाकर घेऊन ग्येले. वर कातळावर हुबा व्हता, पाठमोरा. मना वाटला गाऱ्हाना म्हनतो, माजं पायच थिजलं, पाप लागंल म्हनून. पन नाय. शबुद नव्हताच. नुस्ता आऽऽ करायचा. आऽऽ करायचा, मग तोंडातना काडून घासायचा, मग परत आऽऽ." तिनं डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. "म्हनाला, शेवंतेला सांगू नको. तिला वाटंल तिचा काम खोटा झाला."

नुसता 'आ'. त्याला देवाचं दार लागत नव्हतं. रीत आड येत नव्हती. त्या खुर्चीत मला तेवढाच हवा होता, आणि तो त्यांच्याकडे होता.

त्या दुपारी मी डबा घेऊन सड्यावर गेले. गवत कापून झालं होतं, कातळ तापला होता. आण्णा कुठं उभे राहत असतील ते शोधायला लागलं नाही; एका जागी दगडावर कवळीची गुलाबी भुकटी साचलेली होती, कातळाच्या भेगेत, पावसानंही न गेलेली. खाली पऱ्या, पलीकडे वाडी, एक बाई अंगणात काहीतरी वाळत घालत होती. मी तिथं उभी राहिले आणि त्यांच्यासाठी 'आ' करायला तोंड उघडलं. आवाज आला तो दवाखान्यातला. पडद्यापलीकडे जाऊ नये इतका. मी पुन्हा केला, पोटातून, आणि पुन्हा तेवढाच आला. पलीकडच्या बाईनं मान वर केली नाही.